रजईखालचा रोल

"फोटोतली मुलगी घरात नाही का?"

मी पोह्यांची बशी पुढे करून उभी होते आणि मला पाहायला आलेल्या बाई हे माझ्याकडेच बघत विचारत होत्या. "हीच की ती," आई कशीबशी म्हणाली. बाईंनी पर्समधून फोटो काढला, हात लांब करून बघितला, मग नाकाजवळ आणून बघितला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे दिला. नवऱ्याने फोटो बघितला, मला बघितलं, आणि मुकाट्यानं पोहे खायला घेतले.

"धाकटीचा असेल," बाई समजूतदारपणे म्हणाल्या. "करतात काही लोक असं. फोटो धाकटीचा पाठवायचा न् दाखवायची थोरली."

"आम्हाला एकच मुलगी आहे," आप्पा म्हणाले.

आप्पांचा तो आवाज ऐकून मी बशी खाली ठेवली. बार्शीच्या बाजारपेठेतले सगळे दुकानदार त्या आवाजाला ओळखून होते. आप्पा, म्हणजे माझे वडील गुरुसिद्ध होनराव, वजनमाप खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी लोकांचे तराजू तपासण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर बाजार सुटला, पण सवय गेली नाही. आमच्याकडे एकही गवळी महिनाभर टिकत नसे. आणि अशा माणसाच्या घरात, त्यांच्याच मुलीच्या बाबतीत, कोणीतरी म्हणत होतं की दाखवलं एक आणि दिलं दुसरंच.

पाहुणे फोटो ठेवून गेले. आप्पांनी चष्मा लावून तो फोटो पहिल्यांदा नीट बघितला. मी तेव्हा चोवीस वर्षांची, कन्याशाळेत विज्ञान शिकवत होते. रंग सावळा, नाकावर कांजिण्यांचा वण, पुढच्या दोन दातांत फट. फोटोतल्या मुलीला यातलं काहीच नव्हतं. उलट पापण्या मात्र अशा होत्या की त्यांचा वारा लागावा.

आप्पा तडक फोटो स्टुडिओत गेले. मलाही नेलं, मुद्देमाल म्हणून.

"माळवदे, हे काय आहे?"

"महानंदाताईंचा फोटो, आप्पा. थोडं टचिंग केलंय."

"थोडं? किलोला दोनशे ग्रॅम मारले तर आम्ही त्याला थोडं म्हणत नव्हतो."

"पण मी मारलं कुठं?" माळवदे कळवळून म्हणाले. "वाढवूनच दिलंय की!"

"जास्तीचं मापसुद्धा खोटंच असतं," आप्पा म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

त्याच आठवड्यात उदगीरच्या शेटे मंडळींचं पत्र आलं. मुलगा सरकारी डॉक्टर, नाव रेवणसिद्ध. सोबत मुलाचा फोटो होता, दाट कुरळ्या केसांचा. आईने तो देवाच्या कोनाड्यात ठेवला आणि येताजाता त्या केसांकडे कौतुकाने बघू लागली. मुलीचा फोटो ताबडतोब पाठवावा, असं पत्रात होतं.

"फोटो जाईल तो खरा जाईल," आप्पांनी जाहीर केलं. "कॅमेरा मावशीच्या प्रकाशचा आणू. आणि रोल कुठल्याही स्टुडिओत द्यायचा नाही. सगळे टचिंग करतात. आपण घरीच धुवायचा."

"घरी?" आई म्हणाली. "साबण चालतो का त्याला?"

मग मी आणि आप्पा सामान निवडायला एस.टी.ने सोलापूरला गेलो. आप्पांनी पिशवीत स्वतःचं पितळी लिटरचं माप घेतलं होतं. चौकातल्या फोटोच्या सामानाच्या दुकानात शिरलो तर गल्ल्यावरचा नरसय्या नावाचा माणूस आप्पांना बघून ताडकन उभाच राहिला.

"होनराव साहेब! रिटायर झालात ना?"

"झालो. तुम्ही ओळखता मला?"

"आमच्या वडलांचं बार्शीला किराणा दुकान होतं, साहेब. तुम्ही तराजू जप्त केला होता."

"बरं. मग?"

"मग मी फोटोच्या लाइनीत आलो. इथं तराजूच नाही."

त्या बिचाऱ्याने आमच्यासमोर अख्खं दुकान काढून ठेवलं. रोल धुवायच्या टाक्या दोन तऱ्हेच्या होत्या, एक स्टीलची, एक काळ्या प्लास्टिकची. टाकीत एक चक्री असते. अंधारात फिल्म त्या चक्रीत गुंडाळायची, टाकीत ठेवायची, झाकण लावायचं, मग उजेडात आणून वरच्या भोकातून औषधं ओतायची. स्टीलच्या चक्रीत फिल्म भरायला हात बसावा लागतो, नरसय्याने सांगितलं, प्लास्टिकची सोपी, कडेला धरून फिरवली की फिल्म आपोआप आत सरकते. "फक्त चक्री कोरडी ठणठणीत पाहिजे. ओल लागली की फिल्म चिकटली."

हे वाक्य मी ऐकलं. आप्पा त्या वेळी प्लास्टिकच्या टाकीच्या बुडावर छापलेले आकडे वाचत होते. किती औषध लागतं ते तिथं लिहिलेलं होतं. छापील माप दिसल्यावर आप्पांना दुसरं काही दिसेनासं झालं. त्यांनी पाणी मागवलं, पितळी माप काढलं, ओतून बघितलं. माप बरोबर निघालं. आप्पा जरा हिरमुसले, पण टाकी घेतली.

थर्मामीटरचं प्रकरण जास्त चाललं. घरून निघताना आई म्हणाली होती, आपल्याकडे आहे की तापाचा. तो पस्तिसाच्या खाली उतरत नाही आणि आपल्याला वीस अंशाचं औषध लागतं, हे मी तिला समजावलं होतं. नरसय्याने तीन थर्मामीटर पुढे ठेवले. आप्पांनी तिन्ही एकाच पेल्यात बुडवले. तिघांनी तीन आकडे सांगितले.

"तीन साक्षीदार, तीन जबान्या," आप्पा खुलले. "बर्फ आणा."

नरसय्याने कोल्ड्रिंक हाउसमधून बर्फ मागवला. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, ती पण बघायला जमली. बर्फाच्या पाण्यात एकच थर्मामीटर बरोबर शून्यावर जाऊन थांबला. आप्पांनी तो रुमालात गुंडाळला आणि गर्दीकडे असं बघितलं की लोकांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. मोजपात्र, चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरची आणि ते पक्कं करणाऱ्या हायपोची पुडकी, फिल्म टांगायचे चिमटे, सगळं घेऊन झालं. शेवटी नरसय्याने एक काळी पिशवी दाखवली. दोन बाह्यांतून हात घालायचे आणि आतल्या अंधारात फिल्म भरायची.

"घ्या साहेब. अंधाऱ्या खोलीची गरज नाही."

"आमच्याकडे रजई आहे," आप्पा म्हणाले.

"मे महिना आहे, आप्पा," मी म्हणाले.

"रजईला महिना कशाला लागतो?"

घरी आल्यावर आईने एकेक वस्तू उलटसुलट करून बघितली आणि सांगून टाकलं, "तुमचं औषध ज्या भांड्यात जाईल ते माझ्या चुलीला लागायचं नाही." तेव्हा औषधं ठेवायला गडद रंगाच्या बाटल्या हव्या झाल्या. उजेडाने डेव्हलपर खराब होतो, असं माहितीपत्रकात होतं. आप्पांनी भंगारवाल्याकडून तपकिरी बाटल्या आणल्या. त्या बिअरच्या होत्या. आप्पांनी सुपारीलासुद्धा कधी हात लावला नव्हता. बाटल्या धुऊन त्यांनी अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात ओळीने मांडल्या आणि शेजारचे देवकते गुरुजी दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

पाण्याचं काय करायचं हा प्रश्न होता. नळाचं पाणी तेहतीस अंश निघालं. बर्फ घालून घालून आकडा वरखाली व्हायला लागला. मी शेवटी थर्मामीटर माठात बुडवला. बावीस. आईने नुसतं मान उडवून बघितलं. सोलापूरहून आलेल्या सगळ्या सामानाला तिच्या माठाने हरवलं होतं. "माठाचं पाणी घ्या," ती म्हणाली, "पण माझ्या पळीनं मी काढून देणार."

फोटो आप्पांनीच काढले. टेपने अंतर मोजून मला अंगणात उभं केलं, मागे आई पांढरी चादर धरून. "हसायचं नाही. आहे तसं दिसलं पाहिजे." समोरून, डावीकडून, उजवीकडून, तुरुंगात काढतात तसे. एकदा वाऱ्याने चादर उडून आईच्या डोक्यावर बसली, ती आतून "अहो, अहो" करू लागली आणि मला हसू आवरलं नाही. नेमका तेव्हाच आप्पांनी खटका दाबला.

रोल धुवायला दुपारच निवडली, कारण संध्याकाळपर्यंत धीर धरणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. मधल्या खोलीच्या खिडक्या लावल्या. आप्पा पलंगावर मांडी घालून बसले, मांडीवर दुहेरी रजई, दोन्ही हात कोपरापर्यंत आत, आत टाकी, चक्री आणि रोल. मी बाजूला माहितीपत्रक वाचत बसले.

"मागचा काळा कागद सोडवा. आता फिल्मचं टोक चक्रीत घाला."

"घातलं."

"आता फिरवा."

आप्पांनी फिरवली. जरा वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. मग तो नाकावरून ओघळू लागला. खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं, मग रजईत काय होत असेल.

"अडकली," आप्पा म्हणाले.

"हात घामेजलेत तुमचे. ओल लागली की चिकटते, नरसय्या म्हणाले होते."

"मला नाही म्हणाले."

"तुम्ही माप घेत होता."

"हात बाहेर काढून पुसू का?"

"नका! उजेड लागला तर सगळं जाईल."

तेवढ्यात अंगणातून बाईमाणसाचा आवाज आला. "होनराव इथंच राहतात का?"

आई धावली. मला आतून ऐकू येत होतं.

"आम्ही उदगीरचे शेटे. मी मुलाची आत्या. बार्शीत काम होतं, म्हटलं न सांगताच जाऊन यावं." मग पावलं कट्ट्यापाशी थांबली. कट्टा दाराशेजारीच होता, उरलेल्या बाटल्या अजून त्यावरच होत्या. "ह्या बाटल्या?"

"फोटोच्या आहेत," आई गडबडीने म्हणाली. "म्हणजे फोटोसाठी लागतात."

"अगंबाई! फोटो काढायच्या आधी घ्यावी लागते का?"

पुढच्या क्षणी आत्याबाई मधल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. मागे एक उंच, टोपी घातलेला माणूस. मी जुन्या विटक्या पातळात, केसांचा बुचडा बांधलेला, हाताला हायपोचा वास. आप्पा रजईत.

"नमस्कार," आप्पा म्हणाले. "हात जोडता येत नाहीत. क्षमा असावी."

"ह्यांना काय झालंय?" आत्याबाईंनी आईला विचारलं. "हिवताप का?"

तो माणूस पुढे झाला. "केव्हापासून आहे ताप?"

"ताप नाही," आप्पा म्हणाले. "रोल आहे."

मग मला सगळं सांगावं लागलं. पाहायला आलेल्या माणसापुढे मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं, हे मला ठाऊक होतं, पण रोल अर्धा चक्रीत आणि अर्धा बाहेर होता. मी भराभरा बोलत सुटले. तो माणूस लक्ष देऊन ऐकत होता. ऐकता ऐकताच त्याने शर्टाच्या बाह्या पार खांद्यापर्यंत वर सारल्या.

"माझे हात कोरडे आहेत. समोरून घालू का? न बघता काम करायची सवय आहे मला."

"कसली सवय?" आप्पांनी विचारलं.

"मी गुरांचा डॉक्टर आहे. गाय अडली की हात आत घालूनच काय ते समजून घ्यावं लागतं."

आईने आत्याबाईंकडे बघितलं. पत्रात नुसतं 'सरकारी डॉक्टर' होतं.

"आमच्या दादांनी तसं लिहिलं," आत्याबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "डॉक्टर तो डॉक्टरच."

डॉक्टर पलंगासमोर गुडघ्यांवर बसले. टोपी डोळ्यांवर येत होती म्हणून काढून बाजूला ठेवली. आणि आईच्या तोंडून "अय्या" निघालं. डोकं स्वच्छ होतं. कानांच्या वर थोडीशी झालर, बाकी मैदान.

"फोटोतले केस माझे नाहीत," रजईत हात घालता घालता ते म्हणाले. "आमच्याकडच्या स्टुडिओवाल्याने रंगवलेत. तेच सांगायला आलो होतो. आत्याला वाटतंय मी तिला बार्शीला नुसतं बाजारासाठी आणलंय."

"रेवण!" आत्याबाई ओरडल्या.

एकाच रजईत दोघांचे मिळून चार हात होते, दोघांची तोंडं वीतभर अंतरावर, आणि आप्पा त्या माणसाकडे असे निरखून बघत होते जसे तीन थर्मामीटरांकडे बघितलं होतं.

"कडेला मुडपलीय," डॉक्टर डोळे मिटून म्हणाले. "तुम्ही ओढत होता का?"

"ओढत होतो."

"ओढायचं नाही. आडवं आलेलं वासरू ओढलं तर गाय जाते. आधी मागं ढकलायचं, सरळ करायचं, मग ते स्वतःच येतं. तुम्ही हळूच हात काढा आता. हां. रजई दाबून धरा कुणीतरी."

रजई मी दाबून धरली. आत्याबाईंनीही नकळत एक कोपरा धरला. रजईखालून बारीक टकटक ऐकू यायला लागली, चक्री पुढे मागे फिरत होती.

"आली," डॉक्टर म्हणाले. "झाकण."

मी रजईच्या कडेखालून झाकण सरकवलं. देताना त्यांचा हात लागला. कोरडा होता. रोलच्या दृष्टीने मला फार बरं वाटलं.

पुढचं काम माझं होतं. आईने पळीने माठाचं पाणी दिलं, बिअरच्या बाटलीतून डेव्हलपर टाकीत गेला, आप्पा हातात घड्याळ धरून वेळ सांगत होते. मी टाकी उलटी सुलटी करत होते. पाहुण्यांना चहा द्यायचा राहिला आहे हे कोणाच्याच लक्षात नव्हतं, पाहुण्यांच्यासुद्धा नव्हतं. हायपो झाला, धुणं झालं. मी झाकण उघडलं आणि ओली फिल्म चक्रीतून सोडवून अंगणात उन्हाकडे धरली.

मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगता येत नाही. तोवर फोटो म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातून पाकिटात घालून येणारी वस्तू होती. ही फिल्म माझ्या हातातून थेंब गाळत होती आणि तिच्यावर अगदी बारीक रेषेपर्यंत सगळं उमटलं होतं. मला पाहायला कोणी आलं आहे, हे मी साफ विसरले.

आत्याबाईंनी मान वाकडी करून फिल्म बघितली आणि त्या मागेच सरल्या. "अगंबाई! ही तर काळी ठिक्कर! आणि केस पांढरे! दात पण काळे!"

"ते उलटं असतं, आत्या," डॉक्टर म्हणाले.

"उलटं असतं तर दाखवता कशाला?"

एकीकडच्या दोन फोटोंवर आप्पांच्या घामेजल्या अंगठ्याचे डाग पडले होते. बाकी ठीक होते. डॉक्टर खाली वाकून एकेक बघत गेले आणि चादर उडाली होती त्या फोटोपाशी थांबले. "हा मागचा कापडाचा ढीग कोण?"

"माझी आई."

ते हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. मीही हसले, दातांतली फट झाकायचं विसरून.

चिमट्यांनी फिल्म दोरीवर टांगली. मग चहा झाला. चहाचा कप खाली ठेवून आप्पांनी घसा साफ केला.

"डॉक्टर, केस झाले, गुरं झाली. आणखी काही आहे का?"

"आहे," ते म्हणाले. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. "उदगीरहून बदली झालीय. किनवटच्या पलीकडं, जंगलात. दवाखाना आहे, राहायला क्वार्टर आहे. लाइट नाही. एस.टी. दिवसातून एकदा येते, आली तर. लग्न ठरेपर्यंत सांगू नकोस, असं घरी सगळ्यांचं म्हणणं होतं."

आईचा चेहरा पडला. आप्पांनी तोंड उघडलं, आणि मग ते कधी करत नसत ते त्यांनी केलं. स्वतः निकाल न देता त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाणी आहे का?" मी विचारलं.

"विहीर आहे दारातच. खोल आहे. थंडगार पाणी."

"थंड म्हणजे किती?"

"मोजलं नाही कधी."

"मोजायला पाहिजे," मी म्हणाले. "लाइट नसला तर बरंच आहे. अंधार आयता मिळेल, रजई लागायची नाही. फोटो छापायला कंदिलाला लाल कागद लावता येईल."

मी काय बोलले ते मला सगळ्यांच्या नंतर कळलं.

"म्हणजे," आत्याबाई हळूच आईला म्हणाल्या, "हो म्हणतीय का ही?"

लग्न पाऊस लागायच्या आत झालं. हुंडा द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही, हे आप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं. टाकी, चक्री, मोजपात्र आणि बाटल्या मात्र ट्रंकेत आईच्या हाताने साड्यांच्या घड्यांत बसल्या.

क्वार्टरवर पोहोचलो त्या दिवशी सामान उतरत होतं. ह्यांना पोहोचताक्षणीच कोणाची तरी म्हैस अडल्याचं बोलावणं आलं, ते तसेच गेले. मी ट्रंक उघडली, थर्मामीटर काढला आणि विहिरीवर गेले. पोहऱ्याने पाणी शेंदलं, बादलीत ओतलं, थर्मामीटर बुडवून उकिडवी बसले. पाणी भरायला आलेल्या दोन बाया घागरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरांची बायको विहिरीचा ताप बघते, ही बातमी तिन्हीसांजेपर्यंत गावभर झाली.

हे परत आले तेव्हा खांद्यापर्यंत माखलेले होते. दुरूनच ओरडले, "किती?"

"वीस!" मी ओरडले. "तुमच्याकडे काय?"

"पारडू! दोघंही जिवंत!"